कोळंबी न खाणाऱ्यांना कोळंबीचे वावडे



जेवणानंतर कोणाला मळमळू लागले, की "पित्त झाले" असे म्हणून आपण मोकळे होतो. अंगावर लाल गांधी उठल्या, तर तेही पित्तच. दोन्हींवर आपला उपाय एकच, आमसुलाचे पाणी. थोडे पोटात, थोडे अंगाला. ह्या एका शब्दाने आमच्या घरात मोठा घोटाळा केला, म्हणून हा पाठ.

मी मरीन परेडला लेकीकडे राहतो. एका संध्याकाळी बारा वर्षांच्या नातीसाठी खालच्या स्टॉलवरून भात आणि कांगकोंग आणली. कांगकोंग म्हणजे पोकळ देठांची पालेभाजी. पालेभाजीत निषिद्ध ते काय असणार? अर्ध्या तासात पोरीला मळमळ, मग पोटात कळ आणि दोन उलट्या झाल्या. तेल जुने असेल, असे म्हणून आम्ही आमसुलाचे पाणी पाजून तिला निजवले. तीन आठवड्यांनी पुन्हा तीच भाजी आली. ह्या खेपेस उलटीबरोबर अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले आणि उभी राहताच तिला घेरी आली. 995 ला फोन केला. मांडीत ॲड्रेनलिनचे इंजेक्शन मिळाले, तेव्हा कुठे तिच्या चेहऱ्यावर रंग आला.

पुढे तपासणीत कारण निघाले कोळंबी. ती भाजी संबालमध्ये परततात आणि संबालमध्ये बलाचान असते. बलाचान म्हणजे आपल्या कोकणातल्या जवळ्यासारखी बारीक कोळंबी मिठात आंबवून, वाळवून केलेला गोळा.

मी डॉक्टरीणबाईंना म्हणालो, "अहो, पंख आणि खवले नसलेले आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या शिजलेले नाही. जे कधी खाल्लेच नाही, त्याचे वावडे कसे होईल?" प्रश्न मास्तरांचा होता, पण चुकीचा होता.

वावडे, म्हणजेच ॲलर्जी, होते कशी ते आधी पाहू. एखाद्या निरुपद्रवी प्रथिनाला शरीर शत्रू समजते आणि त्याच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडे तयार करून ठेवते. ती मास्ट पेशींवर जाऊन बसतात. ह्या पेशी कातडीत असतात, नाकात असतात, तशाच आतड्याच्या अस्तरातही असतात. तेच प्रथिन पुन्हा आले, की त्यांतून हिस्टमिन आणि इतर द्रव्ये सुटतात. कातडीत सुटली तर गांधी, नाकात सुटली तर शिंका, आणि पोटात सुटली तर आतडी आवळतात, पाणी झिरपते. म्हणून मळमळ, मुरडा, उलटी, जुलाब. हे बहुधा काही मिनिटांपासून दोन तासांच्या आत होते. तेव्हा कातडीचे आणि पोटाचे दुखणे एका नावाखाली घालणारी आपली आजी अगदीच चुकत नव्हती!

आता कोळंबीतले मुख्य प्रथिन ट्रोपोमायोसिन. शिजवल्याने ते मोडत नाही, आणि आंबवल्यावर पूर्ण नाहीसे होईलच असा भरवसा नाही. पण ह्याच प्रथिनाची जवळची भावंडे झुरळात आणि गादी-उशांतल्या डस्ट माइट नावाच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्यांत असतात. सिंगापूरच्या दमट हवेत हे किडे उदंड. 2003 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. धर्मनियमांमुळे कोळंबी कधीच न खाल्लेल्या, पण डस्ट माइटची ॲलर्जी असलेल्या यहुदी लोकांच्या रक्तात कोळंबीच्या ट्रोपोमायोसिनला ओळखणारी प्रतिपिंडे सापडली. शरीर धडा शिकले होते धुळीवरून आणि ओळखत होते कोळंबी. आमच्या नातीला रोज सकाळी दहा-बारा शिंका येतात, ह्याकडे आम्ही कधी लक्ष दिले नव्हते. अर्थात, रक्तात प्रतिपिंडे आहेत म्हणजे खाल्ल्यावर त्रास होईलच असे नव्हे; ते डॉक्टरांनीच ठरवावे.

उलट, प्रत्येक उलटी म्हणजे वावडेही नव्हे. बांगडा किंवा टूना उन्हात, गरम जागी राहिला, तर जंतू माशातच हिस्टमिन तयार करतात. ते तळून जात नाही. खाणाऱ्याचे तोंड लाल होते, डोके दुखते, मळमळते. ते मासळीचे विष. ताजा बांगडा पुढच्या वेळी खुशाल पचतो. एकाच ताटातले तिघे आजारी पडले, तर आधी मासळीवर संशय घ्यावा.

मात्र खाल्ल्यानंतर थोड्याच वेळात उलटीबरोबर गांधी, सूज, घरघर किंवा घेरी, ह्यांपैकी काही आले, तर आमसूल शोधत बसू नये. ॲड्रेनलिनचे पेन दिलेले असेल तर मांडीच्या बाहेरच्या बाजूस टोचावे. ॲलर्जीची गोळी त्याची जागा घेत नाही. रोग्याला आडवे ठेवावे, उलटी होत असल्यास कुशीवर, आणि उभे करू नये. मग ॲम्ब्युलन्स: सिंगापुरात 995, इस्राएलात 101, महाराष्ट्रात 108.

सिंगापुरात बंद पाकिटावर कोळंबी-खेकड्याचा अंश लिहिणे कायद्याने सक्तीचे आहे. स्टॉलवरच्या थाळीला लेबल कुठले? तिथे तोंडानेच विचारावे लागते. बलाचान हा शब्द आता पाठ झालाच असेल. कोळंबीला मलयमध्ये उडांग, सुक्या कोळंबीला उडांग केरिंग, आणि चिनी स्टॉलवर हे बी म्हणतात. शेजारच्या काटोंगच्या प्रसिद्ध लाक्साच्या रश्शातही ती वाटलेली असते. नातीने हे शब्द एका चिठ्ठीवर लिहून पेनच्या डबीत ठेवले आहेत. कांगकोंग आता घरीच होते, लसूण आणि हिरवी मिरची घालून.