सुरुवात दिवाळीनंतर कर

तुमच्या सोसायटीत ओल्या कचऱ्याचं खत करायचं मनावर घेतलं आहेस, हे ऐकून फार बरं वाटलं गं. आमच्या कोथरूडच्या सोसायटीत आम्ही पाचजणींनी हे काम उभं केलं. त्यात जे हाताला लागलं ते तुला सांगून ठेवते.

आधी मुहूर्ताचं. 5 जूनला पर्यावरण दिन, म्हणून सगळे त्याच दिवशी नारळ फोडतात. आम्हीही फोडला. पंधरा दिवसांत पाऊस लागला, खड्ड्यात पाणी साचलं, कचरा सडला आणि वास तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला. ज्यांनी हौसेने सह्या केल्या होत्या त्यांनीच तक्रारीचा अर्ज दिला. खड्डा बुजवावा लागला, आणि पुन्हा लोकांचा विश्वास बसायला सहा महिने गेले. म्हणून तू दिवाळीनंतर सुरुवात कर. हवा कोरडी असते, चुका पोटात घालते. होळीपर्यंत सगळ्यांचा हात बसतो, आणि तोवर पानगळही सुरू झालेली असते. तो पाला पोत्यांत भरून कोरड्या जागी ठेव. झाडलोट करणारे तो जाळून टाकतात, त्याआधी उचलायचा. पावसाळ्याची बेगमी आहे ती.

एक घमेलं ओला कचरा, तर दोन घमेली पाला. मूठभर घेऊन दाबून बघ. पिळलेल्या फडक्यासारखं ओलसर लागलं तर बरोबर; पाणी ठिबकलं तर आणखी पाला घाल आणि फावड्याने खालीवर कर. आंबूस वास येतो तो आत हवा पोचत नाही म्हणून. चांगलं चाललेलं असलं की मध्यभागी हात धरवत नाही इतकी ऊब असते. कधी अळ्या दिसतील आणि कुणीतरी औषध मारायला धावेल. मारू देऊ नकोस. त्या कचराच खातात. वरून पाल्याचा जाड थर दिला की झालं.

खत जमेल. माणसं जमवणं जास्त कठीण. ‘पर्यावरण वाचवा’ अशी पाटी लावली तेव्हा तिघं आली. ‘रविवारी 8 वाजता पाला गोळा करू, 9 वाजता चहा’ असं लिहिलं तेव्हा चौदा. आणि 9 ला खरंच थांबायचं, काम उरलं तरी उरू दे. वेळेवर सुटका होते हे कळलं की माणूस पुढच्या रविवारी आपणहून येतो. प्रत्येक कामाला दोघं नेम, म्हणजे एक गावाला गेला तरी खड्डा उपाशी राहत नाही. गोळा झालेल्या पैशांचा हिशेब दर महिन्याला जिन्यापाशी फळ्यावर लिही, वीस रुपयांच्या झाडूसकट.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. दोन महिने आम्ही घराघरांत जाऊन ओला-सुका समजावला, तरी डबे मिसळलेलेच यायचे. एके दिवशी सकाळी फाटकाशी उभी राहिले, तर जवळजवळ प्रत्येक डबा घरकामाच्या मावशीच्या हातात! बोललो होतो मालकिणींशी, आणि डबा हाताळत होती दुसरीच बाई. मग दुपारी 1 वाजता मावशींना हॉलमध्ये बोलावलं, खुर्च्या मांडल्या, चहा-पोहे केले आणि त्यांनाच विचारलं. एक म्हणाली, “ताई, वरच्या घरात डबाच एक हाय, मी दोन कुठून करू?” त्या आठवड्यात बारा डबे आणले. तू हे पहिल्याच महिन्यात कर.

तसंच कचरा न्यायला येणाऱ्या ताईंचं. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत 1993 साली आपल्या पुण्यातच उभी राहिली, आणि त्यातूनच पुढे 2008 पासून ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था दारोदार कचरा घेऊ लागली. सुका कचरा ही त्यांची कमाई आहे. तो परस्पर एखाद्या ठेकेदाराला देऊन टाकायचं कुणी सुचवलं तर ठाम नाही म्हण. फुटकी काच वेगळी बांधून द्या, सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, म्हणजे ते त्यांना उघडून बघावं लागत नाही. शहराचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या माथी पडला, तिथल्या विहिरींचं पाणी नासलं. आपल्या डब्यातली मिसळ पुढे कुठे जाते हे मुलांना सांगायला लाजू नकोस.

कचऱ्यावरून लोक एकत्र आले की झाडांकडे वळव. फिरायला जाणाऱ्यांना सांग, रस्त्यातल्या खोडावर कागद चिकटवलेला दिसला तर थांबून वाचा. झाड तोडायची नोटीस असते ती. 1975 च्या कायद्यात हरकतीला 7 दिवस दिले आहेत, आणि ते वाचेपर्यंतच निघून जातात. त्याच दिवशी फोटो काढायचा, अर्ज दोन प्रतींत न्यायचा, आपल्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्यायची. पोच नसलेला अर्ज दिलाच नव्हता असं समज.

तुमच्या खड्ड्याला पहिलं विरजण लागेल. ताक-गूळ घालूनही चालतं, पण जुन्या खताची सर येत नाही. माझ्याकडे मुरलेलं, काळंभोर, मातीचा वास येणारं खत आहे. सात वर्षांपूर्वी ते मलाही शेजारच्या सोसायटीतल्या काकूंनी एका पिशवीत दिलं होतं. भाऊबीज झाली की येशील त्या रविवारी सकाळी 8 ला ये, 9 नंतर मी भेटणार नाही. गोणपाटाची दोन पोती घेऊन ये, प्लॅस्टिकची नकोत, त्यात ते गुदमरतं.