खोक्यांसाठी नको, खुर्चीसाठी जा

चि. सई,



जर्मनीतल्या एसेनच्या ‘श्पील’ या बोर्डगेम्सच्या मेळ्याची शुक्रवार-शनिवारची तिकिटं आधीच काढलीस हे बरं केलंस. २०२४ साली चारही दिवसांची तिकिटं आधीच संपली होती, तेव्हा ऐनवेळी दारात जाऊन बघू म्हणण्याचे दिवस गेले. तिकिटांबरोबर तू यादीही पाठवलीस. एक्सेलमध्ये छप्पन्न खेळ, प्रत्येकापुढे हॉल, स्टॉल, किंमत, आणि शेवटच्या रकान्यात ‘घ्यायचा’ किंवा ‘बघायचा’. मेहनत दिसते, पण मुद्द्याची गोष्ट तेवढी राहून गेली आहे. एकाही खेळापुढे ‘खेळायचा’ असं लिहिलेलं नाही. एसेनला खोक्यांना तोटा नाही. हॉलच्या हॉल भरून खोकीच खोकी असतात. तिथे दुर्मीळ असते ती टेबलाजवळची रिकामी खुर्ची. पहिल्यांदा जाणाऱ्याने आपला सगळा बेत त्या खुर्चीच्या हिशोबाने आखावा, असं माझं मत आहे.

आधी वेळेचं गणित मांडू. मेळा सकाळी दहाला उघडतो, संध्याकाळी सातला बंद होतो, रविवारी सहालाच. म्हणजे तुझ्या हातात दोन दिवसांचे मिळून अठरा तास. त्यातून जेवण, चालणं, स्वच्छतागृहापुढची रांग आणि गर्दीत नुसतं भांबावून उभं राहणं वजा कर. मध्यम आकाराच्या खेळाला जागा मिळेपर्यंत वीसेक मिनिटं, नियम समजायला तेवढीच, आणि खेळायला पाऊण तास धरला, तर दिवसाला पाच खेळ झाले तरी खूप झाले. दोन दिवसांत दहा. तिथे दरवर्षी हजाराहून जास्त नवे खेळ येतात. तेव्हा छप्पन्नची यादी केलीस काय आणि वीसची केलीस काय, बहुतेक मेळा न बघताच तू परतणार आहेस. हे तिथे पाय ठेवण्याआधीच पटलेलं बरं. ज्यांना ते पटत नाही ते पाठीवर सॅक लावून एका हॉलमधून दुसऱ्या हॉलमध्ये धावत राहतात, खोक्यांचे फोटो काढतात, आणि संध्याकाळी एकही डाव न खेळता गाडीत बसतात. एवढं करायचं तर ते आखेनच्या तुझ्या खोलीत बसूनही करता येतं.

तू म्हणशील, मेळा म्हणजे शेवटी बाजारच की. नुसता बाजार न्यूरेंबर्गला भरतो. तिथला खेळण्यांचा मोठा मेळा व्यापाऱ्यांसाठी आहे, तुझ्या-माझ्यासारख्याला तिथे प्रवेश नाही. एसेनचं मूळच वेगळं. १९८३ साली ‘श्पीलबॉक्स’ या मासिकाच्या वाचकांनी एकत्र येऊन खेळावं म्हणून तिथल्या प्रौढशिक्षण संस्थेच्या इमारतीत एक मेळावा भरला, तो वाढत वाढत ‘मेसे’च्या, म्हणजे प्रदर्शन-केंद्राच्या, हॉलमध्ये गेला. विक्री पुढे आली आणि भरपूर आली. २०२२ मध्ये तर न्यूरेंबर्गवाल्यांनीच हा मेळा विकत घेतला. तरीही स्टॉलची मांडणी बघ. मोठे प्रकाशक आपली महागडी जागा कपाटांपेक्षा टेबलांना जास्त देतात. विक्रीचा माणूस एका कोपऱ्यात आणि खेळ समजावून सांगणारी पोरं डझनभर. खेळून बघितल्याशिवाय माणूस रमत नाही, हे विकणाऱ्यालाही ठाऊक आहे.

याहून मोठा पुरावा २०२० सालचा. त्या वर्षी करोनाच्या साथीमुळे मेळा भरलाच नाही, त्याऐवजी तो इंटरनेटवर झाला. नवे खेळ होते, त्यांची माहिती होती, व्हिडिओ होते, पडद्यावर खेळायची सोयही होती, खोकं घरपोच मागवता येत होतं. गाडीभाडं नाही, हॉटेल नाही, गर्दी नाही. खरेदी आणि माहिती हेच मेळ्याचं सार असतं तर लोकांनी ही नवी सोय डोक्यावर घेतली असती. घडलं उलटंच. २०१९ मध्ये २ लाख ९ हजार लोक आले होते. २०२४ मध्ये पुन्हा २ लाख ४ हजार आले, तेही तिकीट काढून, रेटारेटी सोसून. इंटरनेटवर जे मिळालं नाही त्यासाठीच ते आले असणार. आणि तिथे मिळालं नव्हतं ते एवढंच: अनोळखी तिघांच्या शेजारी बसून, समोरच्या माणसाकडून ऐकून, हातात लाकडी सोंगट्या घेऊन खेळलेला डाव.

आता तुझा आक्षेप, जो तू फोनवर आईजवळ बोललीस: भारतात हे खेळ आयात होऊन येतात आणि फार महाग पडतात, मग स्वस्तात मिळताहेत तिथे घेऊन ठेवलेले काय वाईट? हे पुण्याच्या माणसाने म्हणावं, तुला शोभत नाही. तू अजून दोन वर्षं जर्मनीत आहेस. मोठ्या प्रकाशकांचे बहुतेक खेळ पुढे तिथल्या दुकानांतच येतात. शिवाय वर्षाचा उत्तम खेळ निवडणारं समीक्षकांचं मंडळ, जे १९७९ पासून ‘श्पील देस यारेस’ हा पुरस्कार देतं, ते आपला निकाल पुढच्या उन्हाळ्यात सांगतं. त्यांना आठ-नऊ महिने लागतात, तुला शुक्रवारी सकाळी अकरालाच ठरवायची घाई कशाला? या म्हणण्याला एक अपवाद आहे आणि तो खरा आहे. जपान, तैवान, कोरियाहून छोटे प्रकाशक थोड्याशा प्रती घेऊन येतात. पत्त्याच्या जोडाएवढी डबी, तीही संपली की संपली. त्यांच्यासाठी पैसे राखून ठेव आणि तिथे पहिल्याच दिवशी जा. उरलेल्या ‘घ्यायचा’पुढे खुशाल काट मार.

खुर्ची मिळवायची कशी, याला शास्त्र नाही, सवय लागते. आपल्याकडे लग्नात जेवणाऱ्याच्या पाठीमागे पुढच्या पंगतीचे लोक उभे असतात ना, अगदी तसंच तिथे चालतं, आणि कोणी वाईट वाटून घेत नाही. डाव कुठवर आला ते बघायचं. पटावरच्या गुणांच्या सोंगट्या शेवटच्या रांगेत पोचल्या असतील, पत्त्यांची गड्डी बोटभर उरली असेल, तर थांबायचं. नुकतेच नियम सांगून झाले असतील तर पुढे चालायचं. उभं असताना सांगणाऱ्याचं बोलणं कानावर पडू दे. चांगला सांगणारा आधी जिंकायचं कसं ते सांगतो, मग एका पाळीत काय करायचं ते, आणि अपवाद शेवटी, तेही गरज पडेल तेव्हा. वाईट सांगणारा खोक्यातल्या प्रत्येक पुठ्ठ्याचं नाव सांगत सुटतो. नियम असे ऐकून घेतले की तुझाही वेळ वाचतो: बसल्यावर अर्धे नियम आधीच कळलेले असतात. यादीतला खरोखरच अवघड खेळ असेल तर त्याचं रूलबुक आदल्या आठवड्यात वाचून जा, प्रकाशक ती बहुधा इंटरनेटवर ठेवतात.

एकटी गेल्यावर अनोळखी लोकांत बसायचं कसं, हे तू लिहिलं नाहीस, पण ते तुझ्या मनात असणार. खरं सांगायचं तर एकटीलाच जागा लवकर मिळते. चार मित्रांच्या टोळक्याला अख्खं टेबल लागतं. चौघांच्या खेळात तिघेच बसलेले असले तर त्यांना कोणी तरी चौथं हवंच असतं. विचारायचं आणि बसायचं. भाषेची काळजी नको. इंग्रजीत समजावणारे पुष्कळ स्टॉलवर असतात, आणि तुझं मोडकं जर्मन सुधारायला यापेक्षा चांगला वर्ग नाही, कारण खेळातली वाक्यं तीच तीच असतात: घे, ठेव, माझी पाळी, तुझी पाळी. पत्त्यांवर मात्र भरपूर मजकूर असेल तर आधी इंग्रजी आवृत्तीचं टेबल कुठलं ते विचार.

आणखी एक आक्षेप जास्त गंभीर आहे. गोंगाटात, घाईत, कधी कधी अर्धाच खेळलेल्या डावावरून खेळाची पारख होते का? होत नाही. ‘फेअरप्ले’ मासिकवाले मेळ्यात प्रेक्षकांकडून खेळांना गुण मागवून यादी लावतात. ऐकीव कौतुकापेक्षा ती बरी, कारण निदान खेळलेल्या माणसाचं मत तिच्यात असतं. पण तेही बहुतेकदा एकाच डावावरचं. पहिल्या डावातून खेळ चांगला की वाईट हे कळत नाही, पण दुसरा डाव टाकावासा वाटतो का एवढं नक्की कळतं. शिवाय आपल्या घरात तो कोणाबरोबर खेळला जाईल याचाही अंदाज येतो. दोघांत तासभर गप्प बसून डोकं चालवायचा खेळ दिवाळीला जमलेल्या दहाजणांत कोणी काढत नाही. ही पारख व्हिडिओ बघून होत नाही, कारण व्हिडिओत खेळणाऱ्यांना खेळ येत असतो. ज्याला तो येत नाही तो किती वेळ गोंधळतो, हे टेबलावरच दिसतं.

छोट्या स्टॉलवर समजावणारा माणूस कित्येकदा स्वतःच तो खेळ रचणारा असतो. तिथे तोंडदेखलं कौतुक करू नकोस. कुठे अडलीस, कुठे कंटाळलीस ते नेमकं सांग. त्याला तेच हवं असतं. जर्मनीत खेळ रचणाऱ्याला लेखकासारखा मान आहे, पण तो आपोआप मिळालेला नाही. १९८८ साली न्यूरेंबर्गला काही जणांनी बिअरच्या ग्लासाखाली ठेवायच्या पुठ्ठ्यावर लिहून सह्या केल्या, की खोक्यावर आमचं नाव छापणार नसाल तर तुम्हाला खेळ देणार नाही. आज खोक्यावर नाव असतं, आणि नावाचा माणूस त्या दिवशी तुझ्यासमोर उभा असतो. अशा वेळी त्याच्याकडून नुसतं खोकं घेऊन निघून जाणं मला करंटेपणाचं वाटतं.

हा सगळा सल्ला एसेनपुरता आहे हे मात्र लक्षात ठेव. पुढे इंटर्नशिपला अमेरिकेत गेलीस आणि जेन कॉनला जावंसं वाटलं, तर यातलं निम्मं चालणार नाही. १९६८ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा गावी गॅरी गायगॅक्सने सुरू केलेलं आणि २००३ पासून इंडियानापोलिसला भरणारं ते संमेलन खेळाच्या सत्रांचं आहे. तिथे प्रवेशाचा बिल्ला वेगळा आणि प्रत्येक सत्राचं तिकीट वेगळं. नोंदणी काही महिने आधी उघडते आणि हवी ती सत्रं लवकर भरतात. तिथे तुझी एक्सेल कामाला येईल. पण खुर्चीचा मुद्दा तिथेही तोच, फक्त ती उन्हाळ्याआधीच पकडावी लागते.

उरलं किरकोळ. आखेनहून आर-ई १ गाडी थेट एसेनला जाते, दोनेक तास लागतात आणि तुझ्या सेमेस्टर तिकिटात ती बसते. पुढे यू-११ने मेसेपर्यंत. शनिवारी गर्दी सर्वांत जास्त, म्हणून ज्या टेबलांसाठी तुझा जीव अडकला आहे ती शुक्रवारी दाराशी पोचल्या पोचल्या गाठ. थोड्या प्रती आणणारे ते छोटे प्रकाशक सोडले, तर शनिवार कोपऱ्यातल्या बाकीच्या छोट्या स्टॉलसाठी ठेव. नवे बूट घालू नकोस. पाण्याची बाटली ने आणि पोळीचे रोल बांधून ने, तिथलं खाणं महाग आणि शाकाहाऱ्याला कंटाळवाणं. चिवडा-चकलीचे हात पत्त्यांना लावायचे नाहीत, हे सांगायला नकोच. उलट बाजूनेही तेच खरं आहे: एकेका गड्डीला दिवसभरात शेकडो हात लागतात, आणि अशा मेळ्यांनंतर आठवडाभर शिंकत बसणं ही नेहमीची गोष्ट आहे. जेवणाआधी साबणाने हात धू. आणि दुपारी तीनच्या सुमारास तासभर बाहेर मोकळ्या हवेत जा, एक खेळ कमी झाला तरी चालेल. थकलेल्या डोक्याने ऐकलेले नियम पुन्हा विचारावे लागतात, आणि मग टेबलावरचे बाकीचे तिघे खोळंबतात.

खरेदीचं शेवटी एवढंच सांगतो. डिसेंबरात घरी येशील तेव्हा आमच्यासाठी एकच खेळ आण. चौघांचा असावा, तासाच्या आत संपावा, आणि पत्त्यांवर जर्मन मजकूर नसावा. आजी खेळणार म्हणते आहे, तेव्हा अक्षरं आणि आकडे मोठे आहेत का ते खोकं उघडायला लावून बघून घे.

तुझा,
मामा