आधी वजन की आधी खेळ?

प्रश्न : माझा मुलगा आठ वर्षांचा आहे. वजन वयाच्या मानाने जास्त. सोसायटीतली मुलं खेळतात तेव्हा हा कडेला उभा राहतो. चेंडू झेलता येत नाही, लंगडीत लगेच पाय टेकतो. वजनामुळे खेळ जमत नाही, की खेळत नाही म्हणून वजन वाढलं? आधी काय करू? – एक आई, सांगली

उत्तर : दोन्ही खरं आहे, आणि एकाने दुसरं वाढतं. पण वजन उतरायची वाट बघत बसू नका. खेळ आजच सुरू करा.

लंगडीत सगळं अंग एका पायावर उचलायचं आणि त्याच पायावर पेलायचं असतं. तिथे जादा वजन आडवं येणारच. धावणं, उड्या, तोल सांभाळणं यांतही तसंच. चेंडू झेलण्या-फेकण्यात वजनाचा अडसर फारसा नसतो. तिथे बहुतेक वेळा सराव कमी पडलेला असतो. ही कौशल्यं वयाबरोबर आपोआप येतात असं आपण धरून चालतो. तसं नाही, ती शिकवावी लागतात.

तो चेंडू फेकतो तेव्हा पायांकडे बघा. उजव्या हाताने फेकताना उजवाच पाय पुढे येत असेल, तर कंबर वळत नाही आणि चेंडू जवळच पडतो. डावा पाय पुढे टाकायला लावा. झेलायला आधी मोठा, मऊ चेंडू घ्या, दोन पावलांवरून द्या. अंतर हळूहळू वाढवा. लंगडी भिंतीला हात लावून घालू द्या. त्यानंतर लगोरी.

कडेला उभं राहण्याला कृपा करून आळस म्हणू नका. पाच-सहा वर्षांच्या मुलाला आपल्याला सगळं येतं असंच वाटतं. साधारण आठव्या वर्षापासून ते इतरांशी तुलना करू लागतं, आणि जमत नाही हे कळलं की मागे सरतं. म्हणून सुरुवातीचा सराव घरी, चिडवणारं कुणी नसताना व्हावा. गडी निवडताना दर वेळी शेवटी उरणं फार लागतं हो मुलांना.

पाच ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटना रोज सरासरी ६० मिनिटं धाप लागेल अशी हालचाल सुचवते. ती तुकड्यातुकड्यांनी झाली तरी चालते. नुसत्या खेळाने वजन फारसं उतरणार नाही; त्यासाठी बिस्किटं, गोड पेयं आणि अपुरी झोप यांकडेही बघावं लागेल. वजन खरंच जास्त आहे का, हे बालरोगतज्ज्ञांकडून वय-उंचीच्या तक्त्यावर तपासून घ्या. बटणं लावणं, बुटाची नाडी बांधणं हेही जड जात असेल तर तेही त्यांना सांगा.

आणि पुढच्या काही वर्षांत तो लंगडत चालू लागला किंवा मांडी-गुडघा दुखतो म्हणाला, तर खेळ थांबवून लगेच डॉक्टरांना दाखवा. जादा वजनाच्या मुलांत, विशेषतः वयात येताना, खुब्याचं हाड सरकू शकतं आणि दुखणं मात्र गुडघ्यात जाणवतं.