अंगठा सुजला की मूत्रपिंडाचीही चौकशी करा



रविवारी विहारात वंदना झाली की आम्ही रक्तदाब तपासायला बसतो. तेव्हा एक तक्रार हमखास ऐकू येते. “ताई, रात्री एकाएकी पायाचा अंगठा सुजला, लालभडक झाला, चादरसुद्धा लागू देईना. मेडिकलमधून गोळी आणली, बरं वाटलं.” दोन महिन्यांनी पुन्हा तेच दुखणे, पुन्हा तीच गोळी. अशी सहा-सात वर्षे काढलेले, गवंडीकाम करणारे एक दादा आम्हाला भेटले. पाय आणि तोंड सुजले तेव्हा रक्त तपासले, तर क्रिएटिनिन फार वाढलेले. आज ते डायलिसिसवर आहेत. इतकी वर्षे अंगठ्यावर इलाज झाला, मूत्रपिंडाकडे कोणी पाहिलेच नाही.

युरिक अॅसिड म्हणजे काय?

आपल्या पेशींत आणि अन्नात प्युरिन नावाचा घटक असतो. तो मोडला की युरिक अॅसिड तयार होते. ते प्रत्येकाच्या रक्तात असतेच. त्यातले सुमारे दोन तृतीयांश मूत्रपिंडे लघवीवाटे बाहेर टाकतात. रिपोर्टमध्ये पुरुषांत साधारण ७ आणि बायकांत ६ पर्यंतचा आकडा ठीक मानतात. त्यापुढे ते वाढत राहिले, तर काहींच्या सांध्यात त्याचे सुईसारखे खडे साचतात. यालाच गाऊट म्हणतात.

मूत्रपिंडाशी नाते

हे नाते दुहेरी आहे. लघवी कमी आणि घट्ट होत असेल तर युरिक अॅसिडचे मुतखडे होतात. खडा अडकून राहिला तर मूत्रपिंडाला इजा होते. उलट, मूत्रपिंड आधीच कमजोर असेल तर युरिक अॅसिड बाहेर पडत नाही आणि रक्तात वाढते. म्हणून वाढलेला आकडा ही कधी कधी मूत्रपिंडाने दिलेली सूचना असते. मधुमेह आणि रक्तदाब असलेल्यांनी ती अजिबात टाळू नये.

खरा घात गोळीचा

डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, निमेसुलाइड यांसारख्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात. उन्हात घाम गाळून, कमी पाणी पिऊन काम करणाऱ्याने त्या वारंवार घेतल्या तर धोका आणखी वाढतो. ‘मिक्स गोळ्यांची’ पुडी तर घेऊच नका, तिच्यात काय आहे ते आपल्याला कळत नाही. गाऊटसाठी वेगळी औषधे आहेत. ती डॉक्टर तपासून देतात.

दुसरी चूक म्हणजे दुखणे काही नाही, पण आकडा वाढला म्हणून मनानेच गोळी सुरू करणे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत, अॅलोप्युरिनॉलने युरिक अॅसिड उतरले, पण मूत्रपिंडाची घसरण थांबली नाही. गाऊट किंवा खडे असतील तर हे औषध उपयोगी आहे, पण ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे.

टीबीच्या उपचारातल्या पायराझिनामाइडनेही युरिक अॅसिड वाढते, सांधे दुखतात. म्हणून टीबीचे औषध स्वतःहून बंद करू नका. दवाखान्यात सांगा.

खाणे-पिणे

कलेजी, गुर्दा, भेजा, तारली, सुकट यांत प्युरिन जास्त असते. हे आपल्या घरचे खाणे आहे, त्याची लाज नको. पण ज्याला गाऊट आहे त्याने ते क्वचित आणि थोडेच खावे. डाळ, पालक बंद करायची गरज नाही. बाटलीबंद गोड पेये टाळा. दारूने, त्यातही बिअरने, युरिक अॅसिड वाढते. पंचशीलातले पाचवे शील आपण दर वंदनेला घेतो. ते पाळले तर मूत्रपिंडही वाचते.

लघवी फिकट होईल इतके पाणी प्या. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल, अंगावर सूज असेल, तर पाण्याचे माप डॉक्टरांना विचारा. वस्तीतल्या कितीतरी बाया संडासाची सोय नाही म्हणून दिवसभर पाणीच पीत नाहीत. १९२७ साली ज्या समाजाने पाण्याच्या हक्कासाठी महाडला सत्याग्रह केला, त्याच समाजातल्या बायांनी आज तहान मारावी? स्वच्छ संडास मागणे हीसुद्धा मूत्रपिंडाचीच काळजी आहे. त्यासाठी महिला मंडळाने एकत्र अर्ज करावा.

काय तपासावे?

अंगठा किंवा सांधा सुजला, किंवा युरिक अॅसिड वाढलेले आले, तर चार गोष्टी तपासून घ्या: रक्तातले क्रिएटिनिन, लघवीतले प्रथिन, रक्तदाब आणि साखर. सरकारी किंवा पालिकेच्या दवाखान्यात त्यांची चौकशी करा. लघवीला फेस किंवा रक्त, लघवी कमी होणे, सकाळी डोळ्यांभोवती सूज, किंवा कंबरेत कळ येऊन थंडीताप असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

मूत्रपिंड बिघडू लागले तरी बराच काळ दुखत नाही. म्हणून दुखण्याची वाट पाहू नका. दुःखाला कारण असते आणि कारण कळले की उपाय करता येतो, ही तथागतांची शिकवण आपल्या शरीरालाही लागू आहे. पुढच्या रविवारी विहारात येताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून आणा. आपण एकत्र बसून पाहू.

जयभीम! नमो बुद्धाय!