पायाळू मूल आणि सुईणीचे हात

उत्पत्तीच्या ३८व्या अध्यायात तामारेच्या बाळंतपणाची हकीकत आहे. जुळ्यांपैकी एकाचा हात आधी बाहेर आला. सुईणीने त्याला तांबडा दोरा बांधला. पुढे मुलाने हात आत घेतला आणि त्याचा भाऊ पेरेस आधी जन्मला. सुईणीने तो हात ओढला, असे तेथे कोठेही लिहिलेले नाही. आजचा आपला धडा तोच आहे.

आपण शेतकरी माणसे. गाय विताना वासराचे पुढचे पाय आणि त्यांवर टेकलेले तोंड आधी येते; तीच सरळ वीण. वासरू अडले की आपण पाय धरून ओढ देतो. ही सवय बाळंतिणीच्या खोलीत नेऊ नये. माणसाच्या मुलाचे डोके आधी यावे लागते. पाय किंवा ढुंगण आधी आले तर त्या मुलाला आपण पायाळू म्हणतो. पायाळू माणसाला गुप्तधन दिसते, त्याच्यावर वीज पडते, या समजुतींना आधार नाही. खरा धोका जन्माच्या घटकेचा असतो.

डोके हा मुलाचा सर्वांत मोठा व कठीण भाग. पायाळू मुलाचे धड बाहेर येते, पण डोके मागे अडकू शकते. मध्ये नाळ दाबली जाते आणि मूल गुदमरते. घाईने ओढले तर त्याचे हात डोक्याकडे वर जातात, हनुवटी उचलली जाते आणि डोके अधिकच अडकते. पूर्ण दिवसांचे मूल आडवे राहिले तर ते खालून जन्मूच शकत नाही. कळा तशाच चालू राहिल्या तर गर्भाशय फाटून आईही दगावते. तेथे ऑपरेशनच हवे.

हे आधी ओळखता येते. सातव्या महिन्यात चार-पाच मुलांमागे एक उलटे असते. बहुतेक आपोआप फिरतात. दिवस भरताना शंभरात तीन-चारच तशी राहतात. म्हणून नववा महिना लागताच तपासणी करून घ्यावी. जाणत्या सुईणीच्या हाताला घट्ट, वाटोळे डोके बरगडीखाली लागते आणि आईला लाथा ओटीपोटात जाणवतात. असा संशय आला की सोनोग्राफी करावी. ३७व्या आठवड्यानंतर डॉक्टर पोटावरून हाताने मूल फिरवून पाहतात. सुमारे निम्म्या वेळा ते साधते. मात्र हे काम ऑपरेशनची सोय असलेल्या ठिकाणीच होते. घरी तेल लावून पोट चोळून मूल फिरवू नये. वार सुटून रक्तस्राव होऊ शकतो.

आमच्या खानापूर भागात पावसाळ्यात ओढे भरले की जंगलातल्या वाड्यांची वाट बंद होते. अशा घरांनी कळांची वाट पाहू नये; दिवस भरण्याआधीच बाईला दवाखान्याजवळच्या नातलगांकडे ठेवावे. कर्नाटकात २००८ सालापासून १०८ क्रमांकाची गाडी आहे. २०११ सालापासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण आणि सिझेरियनही मोफत आहे.

सर्वांनी ध्यानात ठेवावे :

१. बाहेर आलेला हात किंवा पाय ओढू नये. पोट दाबू नये. गावात कळा वाढवण्याची सुई देऊ नये.

२. पाणी जाऊन नाळ बाहेर दिसली तर आईला गुडघे व छाती टेकवून, कंबर उंच ठेवून ताबडतोब न्यावे.

३. वाटेतच पायाळू मूल येऊ लागले तर बेंबीपर्यंत त्याला हात लावू नये. पुढे स्वच्छ फडक्याने फक्त कमरेला आधार द्यावा. पोट धरू नये. कळेबरोबर आईनेच जोर करावा.

वेळीच ओळखून बाईला दवाखान्यात नेणाऱ्या सुईणीचा मान कमी होत नाही. तिने बाईबरोबर जावे आणि पोटाला हात लावून काय कळले ते डॉक्टरांना सांगावे. त्या एका सांगण्याने दोन जीव वाचू शकतात.