जुन्या वस्तीतील इमारती आणि त्यांच्या जागांचे भवितव्य

वाशीम हे विदर्भातील अतिप्राचीन नगरांपैकी एक होय. चौथ्या शतकात वाकाटक घराण्याच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म या नावाने येथे होती आणि त्या शाखेतील दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट १९३९ मध्ये येथेच उपलब्ध झाला. अठराव्या शतकात भोसल्यांच्या अमदानीत भवानी काळू यांनी बालाजीचे मंदिर बांधले. ब्रिटिश काळात वाशीम हे जिल्ह्याचे ठिकाण होते. परंतु १९०५ मध्ये तो जिल्हा मोडून त्याचा काही भाग अकोल्यात विलीन करण्यात आला. पुढे १ जुलै १९९८ रोजी वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा या सहा तालुक्यांचा स्वतंत्र जिल्हा पुन्हा अस्तित्वात आला.

जिल्ह्याचे ठिकाण झाले की कचेऱ्या येतात, शाळा-महाविद्यालये व दवाखाने वाढतात, व्यापाराला तेजी येते आणि भर वस्तीतील जागेला मागणी निर्माण होते. या मागणीचा पहिला भार जुन्या वाड्यांवर व दुकानांच्या जुन्या ओळींवर पडतो. त्यांपैकी काही खरोखरच जीर्ण झालेल्या असतात, तर काही केवळ जुन्या असतात. कोणती इमारत पाडावी, कोणती राखावी आणि पाडल्यानंतर मोकळ्या झालेल्या जागेचे काय करावे, हे प्रश्न म्हणूनच नगरपरिषद, मालक, भाडेकरू व सर्वसामान्य नागरिक या सर्वांच्या हिताशी निगडित आहेत.

जुन्या वस्तीची घडण

वऱ्हाडातील जुन्या गावांची रचना संरक्षण आणि व्यापार या दोन गरजांतून झाली. कारंजा हे त्याचे उत्तम उदाहरण. १६७० च्या अखेरीस शिवाजी महाराजांच्या सैन्याने ज्या संपन्न बाजारपेठेवर स्वारी केली, ती हीच. दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस व पोहा वेस ही नावे तेथील जुन्या तटबंदीची आठवण आजही देतात. तटाच्या आत जागा मर्यादित असल्याने घरे एकमेकांना खेटून बांधली गेली. दोन घरांमध्ये बहुधा एकच सामाईक भिंत, पुढे दुकान किंवा ओसरी, मध्ये चौक, मागे माजघर व परसू, अशी ही मांडणी असे.

खालचे जोते दगडी, वरच्या भिंती विटांच्या अथवा पांढऱ्या मातीच्या, खांब व तुळया सागवानी आणि वर कडीपाट घालून त्यावर मातीचे धाबे, हे या बांधकामाचे सर्वसाधारण स्वरूप होय. अशा इमारतीचा भार पुष्कळदा लाकडी सांगाडा पेलत असतो व भिंत ही भरणीसारखी असते. नियमित देखभाल होत राहिली, तर हे बांधकाम दीर्घकाळ टिकते. परंतु धाब्यावरील माती दरवर्षी चोपली गेली नाही, पन्हळी तुंबल्या किंवा कुटुंबे स्थलांतरित होऊन घर बंद पडले, की पावसाचे पाणी भिंतीत मुरते, तुळयांची टोके कुजतात आणि उधई लागते. त्यात या भागातील काळी जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते. त्यामुळे उथळ पायाच्या भिंतींना तडे जातात.

जुनी इमारत म्हणजे धोकादायक इमारत नव्हे

इमारतीचे वय आणि तिची सुरक्षितता या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती व जड धाबी कोसळून लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत हजारोंचा बळी गेला. भिंतींतील दगड एकमेकांत नीट गुंफलेले नसणे आणि वर मातीचा प्रचंड भार असणे, ही त्या हानीची प्रमुख कारणे होती. याउलट, २४ ऑगस्ट २०२० रोजी रायगड जिल्ह्यातील महाड येथे जी पाच मजली इमारत कोसळून १६ जणांचा मृत्यू झाला, ती जुनी नव्हती. सिमेंट-काँक्रीटची आणि अलीकडच्या काळात उभी राहिलेली होती.

या दोन्ही घटनांवरून एकच बोध निघतो. इमारत पाडण्याचा निर्णय तिच्या वयावरून अथवा बाह्य स्वरूपावरून न घेता संरचना अभियंत्याच्या तपासणीवरून घेतला गेला पाहिजे. भिंत ओळंब्यातून किती सरकली आहे, तडे वाढत आहेत काय, तुळयांची भिंतीतील टोके शाबूत आहेत काय, जोत्यात पाणी मुरते काय, या गोष्टी प्रत्यक्ष पाहाव्या लागतात. अनेकदा धाब्यावरील जादा माती उतरवून हलके छप्पर घालणे, कुजलेल्या तुळया बदलणे आणि भिंतींना आडवे बंध देणे एवढ्याने इमारत सुरक्षित होते. ज्या ठिकाणी हे शक्य नसेल, तेथे मात्र विलंब करणे घातक ठरते.

कायद्यातील तरतुदी

महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ च्या कलम १९५ अन्वये मोडकळीस आलेल्या किंवा कोसळण्याचा संभव असलेल्या इमारतीबाबत मालकास अथवा भोगवटादारास नोटीस देण्याचा अधिकार मुख्याधिकाऱ्यांना आहे. या नोटिशीचा अर्थ प्रत्येक वेळी ‘इमारत पाडा’ असाच नसतो. ती सुरक्षित करणे, तिची दुरुस्ती करणे अथवा ती काढून टाकणे, यांपैकी आवश्यक ती कार्यवाही तीत अपेक्षित असते. म्हणून नोटीस मिळताच ती नीट वाचून अभियंत्याचा सल्ला घेणे अगत्याचे ठरते.

भाडेकरूच्या दृष्टीने हा प्रसंग अधिक कठीण असतो. पिढ्यान्‌पिढ्या चालविलेले दुकान एका नोटिशीने बंद होईल आणि जागेवरील हक्कही जाईल, या भीतीने भाडेकरू धोकादायक इमारत सोडत नाही. दुसरीकडे, मालकास मिळणारे जुने भाडे दुरुस्तीच्या खर्चास पुरत नाही. या ओढाताणीत इमारत मात्र दिवसेंदिवस खचत जाते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मध्ये याचा विचार केलेला आहे. इमारत पाडून नवी बांधण्यासाठी मालकाने जागेचा ताबा मागितल्यास निधी, नकाशे व अंदाजपत्रक तयार असल्याबद्दल न्यायालयाची खात्री पटावी लागते. तसेच नव्या इमारतीत प्रत्येक भाडेकरूसाठी त्याच्या पूर्वीच्या जागेशी समतुल्य जागा ठेवण्याची हमी द्यावी लागते. महाराष्ट्रातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये असा निर्णय दिला, की स्थानिक प्राधिकरणाने इमारत पाडली, एवढ्याच कारणाने भाडेकरूचा हक्क संपुष्टात येत नाही. कारण भाडेपट्टा भिंतींपुरता नसून त्याखालील जमिनीशीही संबंधित असतो.

यावरून व्यवहारातील एक धडा घेता येईल. इमारत रिकामी करण्यापूर्वी मालक व भाडेकरू यांनी संयुक्त मोजणी करून प्रत्येकाच्या ताब्यातील क्षेत्र नकाशावर नोंदवावे, त्यावर दोघांनी सह्या कराव्यात, छायाचित्रे घ्यावीत आणि भाडेपावत्या जपून ठेवाव्यात. भिंती पडल्यानंतर कोणाचे दुकान कोठवर होते, हे सांगणारा पुरावा उरत नाही.

पाडकाम आणि नोंद

पाडकाम हे बांधकामाइतकेच शास्त्रशुद्ध असावे लागते. भारतीय मानक ४१३० मध्ये पाडकामाच्या वेळी पाळावयाची सुरक्षिततेची पथ्ये दिलेली आहेत. वीज व पाणी प्रथम तोडावे, काम वरच्या मजल्यापासून खाली करीत यावे, रस्त्याच्या बाजूस अडसर उभारावा, ही त्यांतील मुख्य सूत्रे होत. जुन्या वस्तीत सामाईक भिंतीचा प्रश्न विशेष नाजूक असतो. एका घराच्या तुळया काढल्या, की शेजारच्या घराचा आधार जातो. म्हणून आधी शेजारच्या घराला टेकू देऊन मगच पुढचे काम हाती घ्यावे. सागवानी खांब, कोरीव चौकटी, घडीव दगड व पक्क्या विटा वेगळ्या काढल्यास पुन्हा उपयोगात येतात आणि टाकाऊ मालाचा ढीगही कमी होतो.

इमारत नष्ट होण्यापूर्वी तिची नोंद होणेही तितकेच आवश्यक आहे. जुन्या वास्तूंत केवळ दगड-लाकूड असते असे नव्हे. कारंजा येथील जैन मंदिरांच्या भांडारांत शतकानुशतके जपलेल्या हस्तलिखितांमुळे अपभ्रंश वाङ्‌मयाचे एक मोठे दालन अभ्यासकांना खुले झाले. पुष्पदंत कवीची ‘जसहरचरिउ’ व ‘णायकुमारचरिउ’ ही काव्ये कारंजा जैन ग्रंथमालेतून डॉ. प. ल. वैद्य व डॉ. हीरालाल जैन यांनी १९३१ व १९३३ मध्ये संपादित करून प्रसिद्ध केली. असे संचय एखाद्या बंद वाड्याच्या माळ्यावरही असू शकतात. पाया खोदताना नाणी, मूर्ती किंवा ताम्रपट मिळाल्यास भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ नुसार दहा रुपयांहून अधिक मूल्याच्या निधीची वर्दी जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे. वत्सगुल्माच्या भूमीत या तरतुदीचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

मोकळ्या जागेचे काय?

इमारत पडते, मलबा हलतो आणि पुष्कळदा जागा वर्षानुवर्षे तशीच पडून राहते. वारसदार अनेक असतात, आखीव पत्रिकेवर आजोबांचेच नाव असते किंवा जागा नझूलच्या भाडेपट्ट्याची असून नूतनीकरण राहिलेले असते. अशा जागेत कचरा साठतो, पाणी तुंबते, डास वाढतात आणि शेजारच्या दुकानांचे गिऱ्हाईकही तुटते. म्हणून वारस नोंदी, मोजणी व भाडेपट्टा यांची पूर्तता पाडकामाच्या आधी करणे हिताचे असते.

ही जागा विकास योजनेत रस्तारुंदीसाठी, वाहनतळासाठी किंवा बाजारासाठी आरक्षित असू शकते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२६ नुसार अशी जागा परस्पर संमतीने, विकास हक्क देऊन किंवा भूसंपादनाने घेता येते. योजना अमलात आल्यापासून दहा वर्षांत संपादन न झाल्यास मालक कलम १२७ खाली सूचना देऊ शकतो आणि त्यानंतर २४ महिन्यांत आवश्यक पावले न उचलली गेल्यास आरक्षण व्यपगत होते. म्हणजे नगरपरिषदेने वेळीच हालचाल केली नाही, तर भर वस्तीतील सार्वजनिक उपयोगाची संधी कायमची हुकते. आणि वेळीच मोबदला दिला नाही, तर मालकाची जागा दीर्घकाळ अडकून पडते.

आरक्षण नसलेल्या जागेवर नवी इमारत उभारताना जुन्या मांडणीतील गुण विसरू नयेत. खाली दुकान व वर राहणे ही पद्धत बाजार रात्रंदिवस जागता ठेवते. मधला चौक उन्हाळ्यात हवा व उजेड देतो. परसातील विहीर बुजविण्याऐवजी साफ करून तीत छपरावरचे पाणी सोडल्यास टंचाईच्या दिवसांत उपयोगी पडते. अरुंद गल्लीत मजल्यांवर मजले चढविल्यास अग्निशामक वाहनास वाट उरत नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. दोन-तीन लगतच्या छोट्या जागांचे मालक एकत्र आले, तर जिना, वाहनतळ व मोकळे अंतर यांची सोय सुलभ होते आणि जुन्या दुकानदारांनाही तेथेच सामावून घेता येते.

जुनी इमारत पाडणे हा काही दिवसांचा प्रश्न असतो. तिच्या जागी काय येते, याचा परिणाम मात्र पुढच्या दोन-तीन पिढ्यांवर होतो. तपासणी, नोंद, भाडेकरूंच्या हक्कांची लेखी निश्चिती आणि जागेच्या वापराची योजना ही चारही कामे पाडकामाच्या आधी पूर्ण झाली, तर जीवितहानी टळेल, व्यापार टिकेल आणि पंधराशे वर्षांहून अधिक काळ वस्ती नांदत असलेल्या या नगराचा सांधा नव्या काळाशी नीट जुळेल.