कानाचा जमाखर्च

मुलांनो, या वेळचा पाठ गाणे ऐकणाऱ्यांसाठी आहे, आणि तेही मोठ्याने ऐकणाऱ्यांसाठी. कोणी हेडफोन लावून रॉक ऐकते, कोणी शाळेच्या मार्चिंग बँडमध्ये ड्रम वाजवते, आणि आपल्या वर्गातली बरीच मोठी मुले-मुली गणेशोत्सवाच्या ढोल-ताशा पथकात आहेत. "आवाज कमी कर" हे घरी ऐकून ऐकून तुमचे कान किटले असतील. ते आम्ही पुन्हा सांगणार नाही. आवाज मोठा असताना कान कसे सांभाळायचे, एवढेच सांगणार आहोत.

पालकहो, हा पाठ मुलांबरोबर बसून वाचावा. त्यात थोडे गणित आहे. ते मुलांकडूनच करवून घ्यावे.

कानात काय असते?

आवाज म्हणजे हवेची थरथर. ती कानाच्या पडद्यावर आदळते आणि पडदा हलतो. पडद्याला लागून तीन चिमुकली हाडे आहेत. त्यांच्या आकारावरून त्यांना हातोडी, ऐरण आणि रिकीब अशी नावे दिली आहेत. रिकीब म्हणजे घोड्यावर बसताना पाय ठेवायची कडी. आपल्या शरीरातले सर्वांत लहान हाड तेच.

रिकिबीच्या पलीकडे शंखासारखी वळलेली एक नळी असते. तिला कर्णावर्त म्हणतात. ती वाटाण्याएवढी असते आणि उलगडली तर साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास भरेल. तिच्यात पाणी असते आणि ओळीने मांडलेल्या केशपेशी असतात. प्रत्येक पेशीच्या डोक्यावर सूक्ष्म केसांचा झुपका असतो. वाऱ्याने शेतातले पीक डोलावे तसे हे झुपके आवाजाने डोलतात आणि मेंदूला संदेश जातो.

एका कानात अशा पेशी सुमारे १५ ते १६ हजार असतात. ऐकायला हा आकडा मोठा वाटतो, पण डोक्यावरचे केस लाखाच्या घरात असतात. शिवाय डोक्यावरचा केस गेला तर दुसरा येतो, तसे या पेशींचे नाही. गेली ती गेली. पक्ष्यांच्या कानात या पेशी पुन्हा उगवतात, हे १९८८ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. माणसाच्या कानात मात्र त्या उगवत नाहीत. जन्माला येताना मिळालेली पुंजी आयुष्यभर पुरवायची असते.

डेसिबल म्हणजे काय?

आवाजाचे माप डेसिबलमध्ये देतात. टेलिफोनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्या नावावरून टेलिफोन अभियंत्यांनी 'बेल' हे माप केले, आणि त्याचा दहावा भाग म्हणजे डेसिबल. बेल यांच्या आईला अगदी कमी ऐकू येत असे आणि त्यांची पत्नी बहिरी होती. त्यामुळे आवाज मोजण्याच्या मापाला त्यांचे नाव असणे योग्यच वाटते.

कुजबुज ३० डेसिबल, साधे बोलणे ६०, गवत कापायचे यंत्र ९० च्या आसपास आणि रॉकचा कार्यक्रम १०० किंवा त्याहून अधिक.

आम्ही संगणकाच्या आज्ञावल्या लिहून पोट भरतो, म्हणून दुपटीचा हिशेब आमच्या ओळखीचा आहे. डेसिबलचे गणित दुपटीचेच आहे. ३ डेसिबल वाढले की आवाजातली ऊर्जा दुप्पट होते. म्हणजे ८८ हे ८५ पेक्षा किंचित जास्त नसून दुप्पट आहे. ९१ चौपट झाले, आणि १०० म्हणजे बत्तीसपट!

गोम अशी की कानाला हे कळत नाही. ३ डेसिबलचा फरक जेमतेम जाणवतो. आवाज 'दुप्पट मोठा' वाटायला साधारण १० डेसिबल वाढावे लागतात, आणि तोपर्यंत ऊर्जा दहापट झालेली असते. म्हणून नुसत्या कानाच्या भरवशावर हिशेब ठेवता येत नाही. तो कागदावर करावा लागतो.

आता हिशेब करू

कानाला इजा किती होणार हे दोन गोष्टींवर ठरते: आवाज किती मोठा, आणि तो किती वेळ. हे दुकानातल्या खरेदीसारखे आहे. भाव आणि वजन यांचा गुणाकार झाला की बिल ठरते.

अमेरिकेत कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणारी नायॉश नावाची सरकारी संस्था आहे. तिने मोठ्या माणसांच्या कामाच्या दिवसासाठी ८५ डेसिबलला ८ तास ही मर्यादा सुचवली आहे. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो: ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला १ तास, ९७ ला अर्धा तास आणि १०० ला फक्त १५ मिनिटे.

मुलांसाठी हिशेब अधिक कडक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली हेडफोनवर ऐकण्याबद्दल मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्यात मोठ्यांसाठी आठवड्याला ८० डेसिबलचे ४० तास आणि मुलांसाठी ७५ डेसिबलचे ४० तास धरले आहेत. हे झाले तुमचे आठवड्याचे खाते. त्यात किती शिल्लक आहे ते पाहू:

७५ डेसिबल – ४० तास
७८ डेसिबल – २० तास
८१ डेसिबल – १० तास
८४ डेसिबल – ५ तास
८७ डेसिबल – अडीच तास
९० डेसिबल – सव्वा तास
९३ डेसिबल – सुमारे ३७ मिनिटे
९६ डेसिबल – सुमारे १९ मिनिटे
९९ डेसिबल – सुमारे ९ मिनिटे

पथकाच्या एका सरावाला आम्ही फोनवरचे आवाजाचे मापक घेऊन कडेला उभे राहिलो होतो. ताशे सुरू झाल्यावर आकडा ९५ च्या खाली फारसा आलाच नाही. गणिताच्या सोयीसाठी ९९ धरू. दोन तासांचा सराव म्हणजे १२० मिनिटे, आणि खात्यात आहेत ९ मिनिटे. भागाकार करून पाहा. तेरा आठवड्यांचा खर्च एका संध्याकाळी होतो! तीन महिन्यांचा खाऊचा पैसा एका दिवसात उडवल्यासारखेच हे झाले.

आता हाच हिशेब कानात बोळे घालून करू. नीट बसवलेले बोळे आवाज सहज १५ डेसिबलने कमी करतात. ९९ चे झाले ८४, आणि ८४ ला आठवड्याला ५ तास मिळतात. दोन तासांचा सराव करूनही तीन तास शिल्लक राहतात. तोच ढोल, तोच ठेका, तेवढाच वेळ. बदलले काय, तर कानातली दोन बोळकुली.

कान सूचना देतो का?

देतो, पण उशिरा. मोठ्या कार्यक्रमातून बाहेर पडल्यावर कधी कान दडे बसल्यासारखे होतात किंवा आत बारीक शिट्टी वाजत राहते. मराठीत यालाच 'कानठळ्या बसणे' म्हणतात. एकदोन दिवसांत बहुधा बरे वाटते आणि आपण म्हणतो, "झाले, काही बिघडले नाही."

येथेच फसगत होते. २००९ साली शॅरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी उंदरांना १०० डेसिबलचा आवाज दोन तास ऐकवला. काही दिवसांनी तपासले तेव्हा उंदरांचे ऐकणे पूर्ववत झालेले दिसले. पण सूक्ष्मदर्शकाखाली पाहता केशपेशी आणि नस यांना जोडणारे पुष्कळ धागे कायमचे तुटलेले होते. म्हणून शिट्टी थांबली म्हणजे खर्च भरून आला, असे समजू नये.

काहींची शिट्टी थांबतच नाही. तिला कर्णनाद म्हणतात. कोल्डप्लेचा गायक ख्रिस मार्टिन याला हा त्रास आहे. त्याने तो जाहीरपणे सांगितला आहे आणि आता तो कानांना संरक्षण वापरतो. 'द हू' या इंग्रजी वाद्यवृंदाचा १९७६ साली लंडनमध्ये झालेला कार्यक्रम १२६ डेसिबलचा म्हणून गिनेसच्या विक्रमांत नोंदला गेला होता. लोकांनी कान फोडून घेऊ नयेत म्हणून पुढे गिनेसने तो विक्रमच बंद केला. त्याच वाद्यवृंदाचा गिटारवादक पीट टाउनशेंड याने २००६ साली तरुणांना सावध केले. आपले कान रंगमंचापेक्षा ध्वनिमुद्रणाच्या वेळी लावलेल्या हेडफोनमुळे अधिक बिघडले, असे त्याचे म्हणणे होते.

आणि मराठीच्या वर्गात हा पाठ कशाला?

त्यालाही कारण आहे. मोठ्या आवाजाने बहुधा आधी उंच पट्टीचे स्वर जातात. स्वराक्षरे, म्हणजे अ, आ, ओ, खालच्या पट्टीत जोरात वाजतात; ती ऐकू येत राहतात. पण स, श, च, त यांची ओळख पटवणारा बारीक सळसळाट वरच्या पट्टीत असतो, आणि तोच पुसट होतो.

साप, शाप, चाप, ताप हे चार शब्द मोठ्याने म्हणून पाहा. पहिल्या अक्षरातला सळसळाट गेला की चारही ठिकाणी उरते फक्त 'आप'. 'चहा'मधला च आणि 'चाक'मधला च यांतला फरक शिकायला तुम्हाला किती शनिवार लागले ते आठवा. तो फरक त्याच पट्टीतला आहे. ज्याचे कान असे बिघडतात तो म्हणतो, "मला ऐकू येते, पण कळत नाही." फोनवर आजी बोलत असते, आवाज पोहोचतो आणि शब्द मात्र निसटतो. घरात आणि शाळेत दिवसभर इंग्रजी ऐकणाऱ्या मुलांना मराठी शब्द अंदाजाने भरून काढणे आधीच जड जाते. आपल्याला तर कान अधिक जपायला हवेत.

काय करावे?

१. बोळे नेहमी जवळ ठेवावेत. फोमचे बोळे औषधाच्या दुकानात स्वस्त मिळतात. बोळा बोटांत वळून बारीक करावा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढावा, बोळा आत सरकवावा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवावा. अर्धवट बाहेर दिसत असेल तर तो बसलेला नाही. आजी थंडीत घालते तो कापूस मोठ्या आवाजाला पुरत नाही.

२. फोमने संगीत दबल्यासारखे वाटते, कारण तो उंच स्वर जास्त अडवतो. वाजवणाऱ्यांनी वादकांसाठी मिळणारे गाळणीचे बोळे घ्यावेत. ते सर्व स्वर जवळजवळ सारखे कमी करतात, त्यामुळे ताशाची तडतड स्पष्ट कळते.

३. भोंग्यापासून दूर उभे राहावे. उघड्या मैदानावर अंतर दुप्पट केले की ६ डेसिबल कमी होतात.

४. मध्ये मध्ये बाहेर जाऊन कानांना विसावा द्यावा.

५. हेडफोनचा आवाज शांत खोलीत ठरवावा आणि बसमध्ये किंवा विमानात तो वाढवू नये. बाहेरचा गोंगाट अडवणारे हेडफोन असतील तर वाढवावासा वाटतही नाही.

६. मिरवणुकीत तान्ह्या भावंडांना आणायचे असेल तर त्यांच्या कानांवर बाहेरून बसणारी झाकणे लावावीत. लहान मुलांच्या हाती बोळे देऊ नयेत. ती तोंडात घालतात.

७. शिट्टी दोन दिवसांत थांबली नाही तर डॉक्टरांना दाखवावे. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले तर वाट न पाहता त्याच दिवशी जावे.

पुण्यात लक्ष्मी रस्त्यावरच्या विसर्जन मिरवणुकीचा आवाज तिथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी वर्षानुवर्षे मोजत आले आहेत, आणि काही वर्षी सरासरी १०० डेसिबलच्या पुढे गेली आहे. आपण येथे तोच उत्सव साजरा करतो, त्याच उत्साहाने करावा. आमचे पालकांना एवढेच सांगणे आहे की पथकाच्या पेटीत टिपऱ्यांशेजारी बोळ्यांचा डबा असावा, आणि तो उघडल्याशिवाय पहिला ठोका पडू नये.

शब्दार्थ

ऐरण – लोहार ज्यावर लोखंड ठेवून ठोकतो तो ठोकळा
पुंजी – साठवलेले धन
गोम – लपलेली अडचण
फसगत – फसवणूक होणे
टिपरू – ढोल वाजवायची काठी

स्वाध्याय

१. आठवड्यात ९० डेसिबलने अर्धा तास गाणी ऐकली. खात्यात त्याच पातळीची किती मिनिटे उरली?
२. मार्चिंग बँडच्या सरावाला आवाज ९६ डेसिबल आहे. १५ डेसिबल अडवणारे बोळे घातले तर आठवड्याला किती तास वाजवता येईल?
३. अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा: कान देणे, कान किटणे, कानाडोळा करणे, कान टवकारणे.
४. साप, शाप, चाप, ताप यांसारखी आणखी एक चौकडी शोधा.

उत्तरे पुढच्या शनिवारी वहीत लिहून आणावीत.